नागीण गेली, खाज राहिली. आता संशोधनाला नाव देऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापुरातल्या एका ताईंचं, वय ५३. घरी शिलाई मशीन आहे, शाळांचे गणवेश शिवून देतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना कमरेच्या डाव्या बाजूला नागीण झाली. फोड तीन आठवड्यांत वाळले, खपल्या पडल्या, पण त्या पट्ट्यात आग आणि खाज राहिली ती आजतागायत. परकराची नाडी नेमकी तिथेच येते. रात्री झोपेत खाजवलं जातं, सकाळी परकराला रक्ताचे ठिपके दिसतात. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी काही झालं नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली, तिने थोडी झोप लागते. पण मेडिकलवाला म्हणाला, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे", आणि तेव्हापासून घरात "हिचं डोक्यातलं दुखणं आहे" असं बोललं जातं.

आता त्याच डॉक्टरांनी सांगितलं आहे की पुण्यात खाज, वेदना आणि मेंदू यांवर एक अभ्यास चालू आहे आणि नागिणीनंतर खाज राहिलेली माणसं त्यांना हवी आहेत. दोन खेपा होतील. कातडीला गरम-गार लावून बघतील, हातावर मुद्दाम थोडी खाज आणतील, मग एमआरआय यंत्रात मेंदूचे फोटो काढतील. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेल्या कामाची भरपाई मिळेल. तुलनेसाठी निरोगी माणसंही हवी आहेत, तर धाकटी बहीण यायला तयार आहे. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "आई, तुझा उंदीर करतील." सासूबाई म्हणतात, झोपलेल्या नागिणीला डिवचू नये. यजमान म्हणतात, तुझं तू बघ. आणि डॉक्टर म्हणाले, "आपण कोटणीसांच्या गावचे, एवढं तर करायलाच हवं." ताई विचारतात: जाऊ का? गेले तर बरी होईन का? आणि मेंदूचे फोटो काढणार म्हणजे माझं दुखणं खरंच मनाचं आहे का?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो धोंडा बाजूला केल्याशिवाय जायचं की नाही याचा विचार मोकळेपणाने होणार नाही.

तुमचं दुखणं मनाचं नाही. लहानपणी आपल्याला कांजिण्या होतात, त्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. मणक्याजवळ नसांच्या गाठी असतात, तिथे तो चाळीस-पन्नास वर्षं दडून बसतो. प्रतिकारशक्ती जरा खालावली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो, तीच नागीण. एकेक नस शरीराच्या एकाच बाजूचा एकेक पट्टा सांभाळते, म्हणून नागीण सहसा अंगाच्या मध्यावर येऊन थांबते. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. पण ती ज्या वाटेने येते ती वाटच अर्ध्या अंगाची असते. फोड वाळले तरी ती नस जखमी राहू शकते, आणि पन्नाशीनंतर ही शक्यता वाढते. तुमच्या बाबतीत तेच झालेलं दिसतं.

सासूबाईंना सांगा, त्यांची काळजी खोटी नाही, पण हातावर खाज आणली म्हणून विषाणू जागा होत नाही. तो उठतो आतून, प्रतिकारशक्ती कमी पडली की.

आता मेंदूचं. विळीवर बोट कापलं तरी "आई गं" म्हणायला लावतो तो मेंदूच. जगातली एकही वेदना किंवा खाज मेंदूला बगल देऊन जाणवत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातलंच बघा. शेंगाचटणी कुटून झाल्यावर हात भगभगतात ना? हात भाजलेला नसतो. नसांच्या टोकांवर बारीक दारं असतात, त्यातलं एक साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की उघडतं आणि "भाजलं" अशी बातमी वर जाते. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं तेच दार उघडतं. हे दार १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखलं गेलं, आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. मिरचीची बातमी चुकीची असते, पण हाताची आग खरी असते. तुमच्या कमरेच्या पट्ट्यात बातमी नेणारी तारच जखमी झाली आहे, म्हणून काही न लागता "आग, खाज" अशी बातमी वर जात राहते. तुम्ही लिहिलंय की त्या जागी हात फिरवला तर मध्येच बधिर वाटतं आणि तिथेच खाज सुटते, हे कुणाला सांगितलं तर हसतील. हसण्यासारखं त्यात काही नाही. नसेला इजा झाली की हे दोन्ही एकत्र असू शकतं, वैद्यकाला ते ठाऊक आहे. पाय कापलेल्या माणसाचा नसलेला पाय दुखतो, त्यातलाच हा प्रकार.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा त्याच घराण्यातली असेल. ही औषधं नैराश्यासाठी आली हे खरं, पण कमी मात्रेत ती नसांच्या दुखण्यावर कितीतरी वर्षं दिली जातात. मेडिकलवाल्याने अर्धवट बोलून तुमच्या घरात जे पेरलं त्याचा मला फार राग आला. पुढच्या तपासणीला यजमानांना बरोबर न्या आणि ही गोळी कशासाठी आहे ते डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. तुम्ही शंभर वेळा सांगून जे पटणार नाही ते तिथे पाच मिनिटांत पटेल. हे न्याय्य नाही, पण आपल्या घरांत असं होतं.

म्हणजे मेंदूचे फोटो ते काढणार आहेत ते तुमचं खरं-खोटं करायला नव्हे. खाज मेंदूपर्यंत कशी जाते आणि तिथे तिचं काय होतं, हे त्यांना बघायचं आहे. एमआरआयमध्ये मेंदूच्या कोणत्या भागात त्या क्षणी रक्तातल्या प्राणवायूचा हिशेब बदलतो ते दिसतं, त्यावरून कुठला भाग कामाला लागला ते कळतं. मनातले विचार त्यात वाचता येत नाहीत. मेंदूत "खाजेची खोली" अशी एक जागा सापडलेली नाही. जाणीव, नकोसेपणा, हात हलवण्याची तयारी आणि खाजवल्यावरचं सुख, असे बरेच भाग एकदम कामाला लागतात. खाजवल्यावर बरं वाटतं याचं कारणही त्यातच आहे. नखांनी होणारी थोडी वेदना मज्जारज्जूपाशीच खाजेला दाबते, आणि वर मेंदूतही बक्षिसाचा भाग जागा होतो. म्हणून "खाजवू नकोस" असं नुसतं सांगून कुणाचं खाजवणं थांबत नाही. तुमचा मुलगा असो की सासूबाई, जो कुणी तुम्हाला हे सांगत असेल त्यांना हे वाचून दाखवा.

अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचं काय, तर त्यांचं उत्तर कुंपणावर वाढणाऱ्या एका वेलात आहे. खाजकुयली. शाळेत वात्रट पोरं बाकावर टाकायची ती. अंगावर पित्त उठतं तेव्हा हिस्टामिन नावाचं रसायन खाज आणतं, लाल गांध उठते, आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीने ती बसते. खाजकुयलीच्या कुसांत हिस्टामिनऐवजी एक वेगळाच घटक असतो. ती खाज नसेतल्या दुसऱ्या धाग्यांवरून जाते, तशी मोठी गांध उठत नाही, आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीला ती दाद देत नाही. खाजेचे रस्ते एकाहून अधिक आहेत हे कळायला याच वेलाची मदत झाली. आजही प्रयोगात दोन-चार कुसं स्वयंसेवकाच्या हातावर लावतात, आणि तुलनेसाठी तापवून निकामी केलेली कुसंही लावतात. तुम्हाला यातलं काय लावणार ते विचारा. साधारण काही मिनिटांत ही खाज ओसरते.

याच कामात माणसं का लागतात, ते तुमच्या मुलाला सांगायला हवं. उंदराच्या गालावर खाज आणणारं रसायन टोचलं तर तो मागच्या पायाने खाजवतो, वेदना देणारं टोचलं तर पुढच्या पायाने गाल पुसतो. उंदराकडून कळतं ते साधारण एवढंच. "आग कमी झाली पण खाज वाढली", "नाडी घट्ट बांधली की आधी टोचतं आणि मग खाजतं" हे उंदीर सांगू शकत नाही. पूर्वी कितीतरी डॉक्टर मानायचे की खाज म्हणजे हलकी वेदनाच. १९९७ साली काही निरोगी माणसांनी पायाच्या नसेत केसासारखी बारीक सुई घालू दिली आणि आपल्याला कधी, किती खाजतंय ते सांगत राहिली. त्यातून हिस्टामिनच्या खाजेची बातमी नेणारे वेगळे धागे ओळखता आले. ते काम त्या माणसांच्या शब्दाशिवाय झालं नसतं.

तरीही मुलाच्या भीतीला मी झटकून टाकणार नाही. ती हवेतून आलेली नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा एक प्रकल्प झाला. त्यात कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१० मध्ये तो थांबवावा लागला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. गरिबाला न विचारता त्याच्यावर काहीतरी करून बघणं आपल्या देशात झालेलं आहे. त्यानंतर नियम घट्ट झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. माणसांवरचा कुठलाही अभ्यास नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. त्या समितीत किमान सात जण लागतात. त्यात डॉक्टर असतात, कायदा जाणणारा असतो, निदान एक बाई असते आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक साधा नागरिक असतो.

असा साधा नागरिक म्हणून मी काही वर्षं एका समितीत बसत होते, म्हणून थोडं आतलं सांगते. एकदा एका संमतीपत्रात वाक्य होतं, "सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने वाटप करण्यात येईल." मी विचारलं, म्हणजे काय? संशोधक म्हणाल्या, "म्हणजे कुणाला कुठल्या गटात घालायचं ते चिठ्ठी टाकून ठरेल." मी म्हटलं, मग "चिठ्ठी टाकून" असंच लिहा की. त्या थोड्या नाराज झाल्या, पण त्यांनी तसं लिहिलं. पुढे आम्ही तो अभ्यास बघायला ओपीडीत गेलो. बाकड्यावर एक आजोबा हातात तोच कागद घेऊन बसले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, सही नाही केली तर गोळ्या बंद करतील का?" कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की बंद करणार नाहीत. पण त्यांना ते कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं. त्यांनी कागद परत केला, सही केली नाही, आणि त्यांच्या गोळ्या चालू राहिल्या. तेव्हापासून कुणीही मला "जाऊ का" विचारलं की मी आधी एवढंच बघते, की या माणसाला तिथे नाही म्हणता येईल का.

तुमच्या पत्रात मला तिथेच अडखळायला झालं. डॉक्टरांचं ते कोटणीसांचं वाक्य. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, आपल्याला अभिमान आहेच. १९३८ साली युद्धातल्या जखमींच्या सेवेसाठी चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांतले ते एक, आणि १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. पण ते स्वतः ठरवून गेले होते. गावचं नाव राखायचं म्हणून कुणी त्यांना पाठवलं नव्हतं. तुमचे डॉक्टर चांगल्या मनानेच बोलले असतील. तुमच्या खाजेला त्यांनी खोटं ठरवलं नाही, हे माझ्या लेखी मोठं आहे. तरी ज्या डॉक्टरांकडून आपण औषध घेतो त्यांच्या तोंडचं "करायलाच हवं" फार जड पडतं. म्हणून त्यांना एकदा सरळ विचारा: "डॉक्टर, मी नाही म्हटलं तर तुमच्याकडचा उपचार आहे तसाच चालू राहील ना?" ते लगेच आणि मोकळेपणाने हो म्हणाले तर निम्मी काळजी मिटली. त्यांनी विषय टाळला किंवा चेहरा बदलला, तर मी असते तर गेले नसते.

बरं होण्याची आशा मात्र इथेच ठेवून जा. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात औषध कुठेच नाही. गरम-गार लावणं, खाज आणणं, फोटो काढणं, एवढंच आहे. त्यातून पुढे कुणाला तरी चांगलं औषध मिळेल, कदाचित दहा वर्षांनी, कदाचित मिळणारही नाही. तुमची खाज मात्र परत येताना तशीच तुमच्याबरोबर गाडीत बसेल. पुण्याचं मोठं हॉस्पिटल, मोठं यंत्र, पांढरे कोट दिसले की मनाला वाटतंच की इथे काहीतरी उतारा मिळेल. शिकलेल्या माणसांनाही वाटतं. घरच्यांना निघण्याआधी सांगून ठेवा की मी उपचाराला चालले नाही, माहिती द्यायला चालले आहे. नाहीतर परत आल्यावर "एवढं जाऊन काय मिळालं" हे तुम्हालाच ऐकावं लागेल.

मग जायचं कशासाठी? तुमच्या पत्रात एक ओळ आहे, "निदान माझं कुणीतरी नीट लिहून तरी घेईल." मला ते कारण पुरेसं वाटतं. दोन वर्षं जी गोष्ट घरात थट्टेवारी गेली ती कुणीतरी गांभीर्याने मोजावी, आणि ती पुढच्या एखादीच्या उपयोगी पडावी, यात कमीपणा काही नाही.

पैशांबद्दलही तुम्ही खाली मान घालून लिहिलंय, की लोक म्हणतील पैशासाठी अंग दिलं. ताई, तुम्ही दर खेपेला एक दिवस मशीन बंद ठेवणार आहात. ऑर्डर थांबणार आहे, ती जूनच्या तोंडावर असेल तर गिऱ्हाईकही जाऊ शकतं. त्या दिवसाची भरपाई घेण्यात लाज कसली? प्रवास, वेळ आणि बुडालेली मजुरी देणं नियमाला धरूनच आहे. रक्कम भुलवण्याइतकी मोठी नसावी, एवढंच समिती बघते. मध्येच सोडून आलात तर त्या खेपेचे पैसे मिळतील का, हे मात्र आधीच विचारून घ्या. काही ठिकाणी "पूर्ण केलं तरच" असं असतं, आणि मग गाडीभाड्यासाठी माणूस नको असताना थांबतो.

कागद हातात आला की तिथल्या तिथे सही करू नका. घरी आणा, तो तुमचा हक्क आहे. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, सासूबाई ऐकत असताना. मुलाला संशोधनाची धास्ती आहे ना, मग ते काम त्याच्याकडेच द्या. त्याने त्यात हे शोधावं: नीतिमत्ता समितीचं नाव आणि फोन, काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, नाव गुप्त कसं ठेवणार, आणि मेंदूच्या फोटोत अचानक दुसरंच काही दिसलं तर ते तुम्हाला सांगणार की नाही. या शेवटच्या गोष्टीचा विचार फार कमी लोक करतात. आयुष्यभर काही त्रास न देणारी एखादी गाठही त्यात दिसू शकते. ते तुम्हाला कळायला हवं आहे का, हे आधी ठरवा. अभ्यासात पुढेमागे औषध देणार असतील तर तो भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदलेला असायलाच हवा. २००९ पासून ते बंधनकारक आहे आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. आणि कागद मराठीत नसेल तर मराठीत मागा. आपल्या सोलापुरात हे मुद्दाम लिहावंसं वाटतं. ज्यांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात त्यांनी त्यांच्या भाषेत मागावा. "मराठी समजतं की तुम्हाला" म्हणून कुणी पुढे सारला तर सही करू नये.

औषधांचं एक महत्त्वाचं. अशा अभ्यासात कधीकधी काही दिवस गोळ्या थांबवायला सांगतात. तुमची रात्रीची गोळी, किंवा कुणी नसांच्या दुखण्यावरची प्रिगाबालिन, गॅबापेंटिन घेत असेल तर ती, एकदम आणि स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. त्याने त्रास उलटतो. सोलापूरच्या डॉक्टरांना विचारून, ते सांगतील त्या हिशेबानेच कमी करायची. गोळी थांबवल्यावर झोप पुन्हा उडणार असेल आणि ते सोसवणार नसेल, तर नाही म्हणायला तेवढं कारण पुरे.

एमआरआयचा धसका घेऊ नका, त्यात क्ष-किरण नसतात. आवाज मात्र फार मोठा असतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिल्यासारखा, पण मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. कानात बोळे देतात. बोगद्यासारख्या जागेत हालचाल न करता पडून राहावं लागतं. लिफ्टमध्ये जीव घुसमटणाऱ्यांनी आधीच सांगावं. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, केसातल्या पिना, सगळं काढावं लागतं. तुमची जोडवी वीस वर्षांत निघाली नसतील तर आदल्या रात्री साबणाच्या पाण्यात पाय बुडवून बघा, तिथे ऐनवेळी ओढाताण नको. आणि इतर वाचकांसाठी: छातीत पेसमेकर असेल, अंगात कुठे धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल, किंवा कारखान्यात काम करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते लपवू नका. या यंत्राचं चुंबक फार जबरदस्त असतं. यंत्रात जाताना हातात एक रबरी फुगा देतात. तो दाबला की ते थांबतात आणि तुम्हाला बाहेर काढतात. फुगा दाबण्याची भीड बाळगू नका.

बहिणीचं विसरू नका. "ताईसाठी येते" म्हणून ती निघाली आहे, पण तिचा कागद वेगळा, सही वेगळी, आणि तिची ना वेगळी. तिला एकटीला बसवून विचारा, तुला खरंच यायचं आहे का. ती नको म्हणाली तर निरोगी माणूस शोधणं हे संशोधकांचं काम आहे, तुमचं नव्हे. आणखी एक, तिची पन्नाशी झाली असेल तर नागिणीची लस आता आपल्याकडे मिळते, तिने आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि कुणाच्याही अंगावर असे एका बाजूला पट्ट्याने फोड उठले तर लेप आणि उतारे नंतर करा. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या.

तर जाऊ का? डॉक्टरांनी वरच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, कागद घरी वाचून झाला, गोळीचं गणित बसलं आणि बरं होण्याची आशा तुम्ही बाजूला ठेवू शकलात, तर जा. मला तुम्ही गेलेलं आवडेल. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघून संध्याकाळच्या हुतात्माने परत येता येतं का ते संशोधकांना विचारा, मुक्काम पडणार असेल तर त्याचा खर्च कोण देणार तेही. आणि पहिली खेप झाल्यावर दुसरीला जावंसं वाटलं नाही, तर जाऊ नका. कारण सांगायचीही गरज नाही.

यजमानांच्या "तुझं तू बघ" ला तुम्ही रुसवा समजलात. असेलही. पण निर्णय तुमच्या अंगाचा आहे, आणि या एका बाबतीत त्यांनी तो तुमच्या हातात ठेवला आहे, तर घ्या तो.

तिथे तुम्हाला शून्य ते दहात आकडा विचारतील. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेत येईल तेवढी. आपल्या बायकांना अशा वेळी "तीन-चार असेल" म्हणायची सवय असते. तुम्ही मला पत्रात "थोडीफार खाज" लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत परकरावरच्या रक्ताचं लिहिलंत. म्हणून आजपासून मशीनच्या खणात एक छोटी वही ठेवा. सकाळ, दुपार, रात्र, आगीचा आकडा वेगळा आणि खाजेचा वेगळा. काय करत होतात तेही दोन शब्दांत: शिवत होते, ऊन होतं, नाडी घट्ट होती. पंधरा दिवसांची ती वही पुण्याला गेलात तर तिकडे न्या, नाही गेलात तर इथल्या डॉक्टरांना दाखवा. औषधाची मात्रा ठरवायला त्यांना तिचा उपयोग होईल.

आणि ती नाडी काढून टाका हो. शेकडो पोरींच्या स्कर्टना तुम्ही इलॅस्टिक लावता. एक दुपार ऑर्डर बाजूला ठेवून स्वतःच्या दोन परकरांना रुंद, मऊ पट्टा लावा, आतून जुन्या सुती साडीचं अस्तर द्या, आणि तो त्या जागेच्या चार बोटं खाली बसेल असा बेता.